अठ्ठावीस आणि नऊ

जेवताना विषय काढणार नाही, असं दादानं फोनवर शपथेवर सांगितलं होतं. म्हणजे तो जेवतानाच निघणार, हे धाकटीनं तेव्हाच ओळखलं. दादाची शपथ आणि विमानकंपनीचं वेळापत्रक, या दोन गोष्टींवर विसंबून आजवर कुणाचं भलं झालेलं नव्हतं.

तरी ती आली. सकाळचं विमान उतरवून थेट विमानतळावरून आली, गणवेशाचा कोट गाडीत टाकून, पायांतले काळे बूट तसेच ठेवून. दार वहिनीनं उघडलं.

"ये. तुझा भाऊ सकाळपासून न्हाणीघरात भाषण म्हणतोय," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "शाळेत एवढी वर्षं घालवलीत मी. पाठ करून आलेलं पोर मला चेहऱ्यावरून कळतं."

"आणि तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी जेवणाच्या बाजूनं आहे. हात धू."

पण हे म्हणताना वहिनीनं नजर चुकवली, आणि धाकटीला काय कळायचं ते कळलं.

प्रकरण तसं दोन आकड्यांचं होतं. पगाराच्या नव्या कराराचा अखेरचा प्रस्ताव कंपनीनं शुक्रवारी वैमानिकांच्या संघटनेपुढे ठेवला होता. बारा वर्षांहून जास्त नोकरी झालेल्यांना अठ्ठावीस टक्के वाढ. शिवाय बाजारात भाव वाढतील तसा पगार आपोआप वाढवणारं जुनं कलम त्यांना कायम. त्याखालच्या सगळ्यांना नऊ टक्के, आणि ते कलम रद्द. मागच्या करारापासून विमानतळाच्या आसपासची घरभाडी दीडपट झाली होती, बाकी बाजाराचं तर विचारूच नका. म्हणजे नव्या पोरांना पगारवाढ मिळणार आणि महिनाअखेरीला ती पूर्वीपेक्षा गरीब होणार. वाटाघाटी करणाऱ्या समितीत सात जण होते. तिघं हो म्हणत होते, तिघं नाही. सातवी धाकटी. तिनं आज संध्याकाळी पाचच्या आत संघटनेच्या अध्यक्षांना मत कळवायचं होतं. हो म्हटलं तर करार, नाही म्हटलं तर संपाची नोटीस, आणि ती मताला टाकायला उद्या सगळ्या वैमानिकांची सभा.

तेव्हापासून विमानतळावर तिच्या वाट्याला फार प्रेम येत होतं. ज्या ज्येष्ठ कॅप्टनांनी दहा वर्षांत तिच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, ते जिन्यात थांबून मुलं काय म्हणतात विचारत होते. तिला मुलं नव्हती. ती मजेत आहेत, असं सांगून ती पुढे जात होती.

ती स्वतः चौदा वर्षांची नोकरी झालेली, गेल्या वर्षीच कॅप्टन झालेली. म्हणजे अठ्ठावीसवाल्यांतलीच, त्याच कंपनीत जुना कॅप्टन असलेल्या दादासारखी. हो म्हटलं असतं तर तिचंही भलंच होतं, हे तिला सगळ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत समजावून झालं होतं.

जेवणघरात अण्णा आधीच टेबलाच्या टोकाला चाकाच्या खुर्चीत बसलेले होते. घरातले पहिले वैमानिक ते. भाववाढीचं ते कलम ज्या जुन्या संपातून निघालं, त्याचे पुढारीही तेच. आई गेली आणि वर्षभरात अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, आणि एके काळी सभा गाजवणारं तोंड एकेक शब्द शोधून बोलायला लागलं. तेव्हापासून, म्हणजे गेली चार वर्षं, ते दादाकडेच होते. दिवसा एक मदतनीस यायचा, रात्री दुसरा. रविवारी दिवसाच्या माणसाला सुट्टी असे.

"आलीस..." अण्णा म्हणाले. "उतरवताना... वारा?"

"आडवा होता. पण बरं उतरलं."

अण्णांनी अर्ध्या चेहऱ्यानं शाबासकी दिली.

चिमणी त्यांच्या शेजारी बसून त्यांचा रुमाल सारखा करत होती. दादा-वहिनीची ही एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी त्याच कंपनीत को-पायलट म्हणून लागली होती, नेमणूक दुसऱ्या शहरात; आज सुट्टीला घरी आली होती. केस ओले, डोळे बारीक, आणि जांभई दाबायची धडपड.

दादा भाजीचं भांडं घेऊन आला आणि त्यानं धाकटीच्या ताटात दोनदा वाढलं. मग तिसऱ्यांदा वाढायला लागला. दादाचा आग्रह वाढला की समजावं, त्याला काहीतरी हवंय.

"पुरे रे. एवढं तर मी आठवड्यात खात नाही."

"खा. वाळलीयस. बरं, मी काय म्हणतो..."

"शपथ घेतली होतीस."

"मी कुठे काय बोललो? मी विचारतोय. घरात विचारायलाही बंदी आहे का?"

"विचार."

"हो म्हणणार आहेस ना?"

वहिनीनं पाण्याचा जग उगीच उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

"अजून ठरलं नाही," धाकटी म्हणाली. हे अर्धंच खरं होतं. बरोबर काय, ते तिला शुक्रवारीच कळलं होतं. ते या घराला सोसेल का, हे तिला कळत नव्हतं, आणि त्यासाठीच ती आली होती.

दादानं चमचा खाली ठेवला. न्हाणीघरातलं भाषण आता बाहेर येणार, हे सगळ्यांनाच समजलं.

"मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. शेवटच्या वर्षाच्या पगारावर माझी पेन्शन ठरणार, आणि ती एकदाच ठरते. नंतर तिला कुणी हात लावत नाही. इकडे अण्णांचे व्यायाम घेणारी बाई दर सहा महिन्यांनी फी वाढवते. दिवसाच्या माणसानं वाढवून मागितलेत, रात्रीच्यानं तर मागायच्या आधीच वाढवले. औषधांचं मी बोलतच नाही. मला मोटार नकोय, बंगला नकोय. मला एवढंच हवंय की अण्णांच्या उशाशी रात्री माणूस असावा. आणि ते तुझ्या एका 'हो'वर आहे."

हे सगळं खरं होतं. शिवाय चार वर्षांत दादानं त्याचा कधी शब्दानं उच्चार केला नव्हता. धाकटी जमेल तेवढे पैसे द्यायची, पण भार त्याच्यावर होता, आणि ते दोघांनाही माहीत होतं. तिला लाज वाटली. तिनं पाण्याचा घोट घेतला.

"आणि नव्या मुलांचं काय, दादा?"

"नवी मुलं काय जन्मभर नवी राहणार आहेत? बारा वर्षं झाली की तीही वर येतील. आम्ही नाही राहिलो एका खोलीत चौघं?"

"राहिलास ना. आणि तिसऱ्या वर्षी तू हे घर घेतलंस. आता त्यांनी तिसऱ्या वर्षी काय घ्यायचं? पडदे?"

चिमणी फिसकन हसली आणि तिनं लगेच ताटात मान घातली.

"चेष्टा सोड. नऊ टक्के म्हणजे काही कमी नाहीत."

"तू रोज विमान चालवतोस. वेग वाढवला की विमान तेवढंच पुढे जातं का? समोरून वारा किती आहे, ते आधी बघतोस ना? मग इथेच कसा विसरतोस?"

"वारा म्हणजे काय, ते मला नको शिकवूस. तुला ते मी शिकवलंय."

तेही खरंच होतं. हे शेंडेफळ शाळेत असताना दादा आपल्या जाड पुस्तकांतले ढग तिला दाखवायचा, आणि परवान्याच्या परीक्षेआधी रजा काढून तिच्यासमोर बसला होता. दादाशी भांडायचं म्हणजे आपल्या अर्ध्या आयुष्याशी भांडायचं, हे तिला प्रत्येक वेळी नव्यानं कळे.

"मी बोलू का?" वहिनी म्हणाली. "यंदा आमच्या शाळेत चार टक्के मिळाले. चार! त्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. तुमचे अठ्ठावीस आणि नऊ ऐकले की वाटतं, तुम्ही सगळे चुकून माझ्या घरात उतरलायत. परवा दुकानात शेजारीण म्हणते, 'पायलट पुन्हा रडतायत म्हणे?' मी काय सांगू तिला?"

अण्णांच्या घशातून हसण्याचा आवाज आला. धाकटीही हसली, न हसून करते काय?

"हसा. पण माझं ऐका. मिळतंय ते पदरात पाडून घ्या. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

म्हणजे वहिनी दादाकडे. दोन विरुद्ध एक. दादाला हुरूप आला. तो खुर्चीत मागे रेलला आणि त्यानं आपला हुकमी पत्ता टाकला.

"आणि नव्यांचं एवढं वाटतं ना तुला? ही बसलीय नव्यांतली एक. विचार हिला. हिची काही तक्रार आहे? मजेत आहे पोर. काय गं चिमणे?"

चिमणीनं मान वर केली. तिनं आधी आजोबांकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"मी मजेत आहे, बाबा. कारण माझी पगारवाढ म्हणजे तू."

"म्हणजे?"

"दर महिन्याला माझं भाडं तू भरतोस."

"भाडं?" वहिनी म्हणाली. "कुठलं भाडं?"

दादानं भाजीच्या भांड्यात काहीतरी फार महत्त्वाचं पाहिलं.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय. मला तर म्हणालात, पोरीला अधूनमधून पेट्रोलला देतो."

"तेच ते. एकूण एकच."

"पेट्रोल आणि घरभाडं एक? मग उद्यापासून मीही शाळेत पेट्रोल शिकवते."

"आई, थांब," चिमणी म्हणाली. एरवी हळू बोलणारी ही पोर, पण आता तिनं बोलायचं ठरवलं होतं. "बाबा, आमच्या खोलीत पाच जणी आहेत. बाकी चौघींना भाडं भरणारे बाबा नाहीत. म्हणजे बाबा आहेत, पण त्यांनाच पैसे पाठवावे लागतात. पाच जणींत तीन पलंग आहेत. कुणी ना कुणी उडत असतंच, म्हणून भागतं. दर महिन्याचं वेळापत्रक आलं की आम्ही आधी पलंग वाटून घेतो, मग सुट्ट्या बघतो. पण मागच्या आठवड्यात दोघींची उड्डाणं रद्द झाली आणि सगळ्याच खाली आलो. मी खुर्चीत बसून होते. पहाटे एक पलंग रिकामा झाला, तेव्हा जेमतेम तीन तास पडले. आणि सकाळी मी..."

"परत वर!" दादा ओरडला.

ही या घराची रीत होती. विमान उतरवताना दोघांपैकी कुणालाही काही खटकलं आणि त्यानं 'परत वर' म्हटलं, की दुसऱ्यानं, मग तो कितीही ज्येष्ठ असो, एक शब्द न विचारता विमान पुन्हा वर न्यायचं असतं. का, कशाला, ते सगळं नंतर. अण्णांनी हा नियम घरी आणला, तो मुलं लहान असताना. टेबलावर भांडण हाताबाहेर जायला लागलं, की कुणीही हे दोन शब्द म्हणायचे आणि विषय तिथल्या तिथे सोडायचा. आईनं तो अण्णांवर सर्वांत जास्त वापरला. मोडला मात्र कधी कुणी नव्हता.

चिमणीनं ओठ मिटून घेतले. दादाचा चेहरा उतरलेला होता. धाकटीला त्याची भीती कळली, कारण तीही वैमानिकच होती. दादा कंपनीचा परीक्षक होता. नव्या को-पायलटांना विमान चालवू द्यायचं की नाही, हे सहीनिशी ठरवणाऱ्यांपैकी. या वाक्याचा शेवट एकदा कानावर पडला, की तो न ऐकल्यासारखं त्याला करता येणार नव्हतं.

अण्णांनी डाव्या हातानं चमचा उचलला आणि ताटावर आपटला.

"नाही."

"अण्णा, मी 'परत वर' म्हटलंय," दादा म्हणाला. "तुमचाच नियम आहे."

"माझा... म्हणून... सांगतो." अण्णांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. "वर गेलं... की फेरी मारून... पुन्हा उतरावंच लागतं. ते पळायला... नाही. बोल पोरी."

दादानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. चिमणी त्याच्याकडे बघूनच बोलली.

"सकाळी मी विमान नेलं, बाबा. तीन तास झोपून. परतीचंही."

"दमलीस तर तसं कळवायचं असतं!" दादा उभाच राहिला. "नियम आहे! पहिल्या आठवड्यात शिकवतात! मागे दीडशे माणसं बसलेली असतात!"

"कळवलं की त्या दिवसाचे तास जातात. तुमचा पगार ठरलेला असतो. आमचा निम्मा तासांवर असतो."

"तुझं भाडं मी भरतो! तुला काय कमी होतं?"

"म्हणूनच मी कळवू शकले असते. तरी नाही कळवलं. अजून किती घ्यायचं तुझ्याकडून? आणि मी कळवत नाही, तर बाकीच्या चौघी कशाला कळवतील? त्या कधीच नाही कळवणार, बाबा."

"शेजारी कॅप्टन कोण होता?"

"चांगला होता. त्यानं माझ्यासाठी दोनदा कॉफी मागवली. विचारलं काही नाही."

दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी काढत होतं. तो वळला, तेव्हा त्याला चिडायला दुसरं माणूस सापडलेलं होतं.

"हे तू हिला पढवून आणलंस."

"मला हे आत्ता कळलं," धाकटी म्हणाली. "मी हिची आत्या आहे, समितीवर आहे, आणि मला हे आत्ता, तुझ्या टेबलावर कळलं. याची मला तुझ्याइतकीच लाज वाटतेय."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते हेच. माझीच बहीण, माझीच पोर. ठीक आहे. म्हण नाही. पण मग रात्री अण्णांजवळ कोण बसणार, तेही सांग. माझ्याकडे नको बघूस. त्यांच्याकडे बघून सांग."

धाकटीनं अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात अडकलं होतं आणि हनुवटीला भाजीचा डाग होता. समितीच्या खोलीत कंपनीच्या वकिलांना तोंड देणारी बाई ती, पण इथे तिची बोबडी वळली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे वडील.

"माझ्या..." अण्णांनी सुरुवात केली, आणि थांबले. सगळे थांबले. "माझ्या औषधाच्या... बाटलीआड... लपू नका. दोघंही."

"मी कुठे लपतेय अण्णा?"

"हो म्हणायचं... तर स्वतःसाठी म्हण. नाही म्हणायचं... तरी स्वतःची जबाबदारी. माझ्यावर... घालू नका."

"तुम्ही काय केलं असतं?"

अण्णांनी मान हलवली. ते सांगणार नव्हते. इतकी वर्षं या माणसानं सगळ्यांना न विचारता सल्ले दिले होते, आणि आज तिला एक हवा होता तर तो मिळेना. तिला त्यांचा मनापासून राग आला. मग लक्षात आलं, की आपण सकाळपासून हेच शोधत होतो: कुणीतरी म्हणावं, तुझी चूक नाही. असं कुणी म्हणणार नव्हतं. दादाचं नुकसान होणारच होतं, आणि ते तिच्याच तोंडून होणार होतं.

वहिनीनं ताटं एकात एक रचायला घेतली होती, ती तशीच ठेवली.

"संप झाला तर किती चालेल?"

"सांगता येत नाही. महिना. दोन महिने."

"पगार बंद?"

"सगळ्यांचा."

"मग रात्रीचा माणूस सोडावा लागेल," वहिनी म्हणाली, दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगावं तितक्या सहज. "दिवसाचा ठेवू. मी शाळेत असते. रात्री आपण करू. धाकटे, मंगळवार आणि शुक्रवार तुझे. चिमणी इकडे असेल तेव्हा तिचा एक. बाकीचे आम्ही दोघं."

"तू पण?" दादा म्हणाला. "आत्ता म्हणालीस ना, पदरात पाडून घ्या?"

"म्हणाले. तेव्हा मला वाटलं होतं, पोर पलंगावर झोपते." वहिनीनं डोळे पुसले नाहीत, ते वाहायचे तेवढे वाहू दिले. "माझ्या मुलीनं खुर्चीत रात्र काढून विमान चालवायचं, आणि मी इथे अठ्ठावीस टक्क्यांवर पेन्शन मोजत बसायचं? नाही जमणार मला. आणि तुम्ही मला भाड्याचं सांगायला हवं होतंत. त्याचं मी नंतर बघते."

दादा पुन्हा खुर्चीवर बसला. त्याचं वय झालेलं एकाएकी दिसायला लागलं. धाकटीला वाटलं, उठावं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवावा. पण आता हात ठेवला आणि नंतर फोन केला, तर त्या हाताला काय अर्थ राहिला? म्हणून तिनं आधी फोनच उचलला. पाचपर्यंत थांबायची गरज नव्हती. दुसऱ्या खोलीत जायचीही नव्हती.

अध्यक्षांनी पहिल्याच घंटीला घेतला.

"मी बोलतेय. माझं मत विरोधात. ... हो, विचार करून. ... नाही, घरूनच, सगळ्यांसमोर बोलतेय. ... कंपनीला एवढंच कळवा, की भाववाढीचं कलम दोघांना एकच पाहिजे, जुन्यांना आणि नव्यांना. ते लिहून द्या, मग टक्क्यांवर आम्ही हव्या तितक्या रात्री बसू. ... दमून विमान नेणाऱ्यांचाही मुद्दा घालायचाय. त्यावर मी उद्या बोलते, नावं न घेता. ..."

मग ती बराच वेळ ऐकत राहिली.

"ते तुम्ही त्यालाच विचारा," ती शेवटी म्हणाली. "मी विचारणार नाही. आज मी त्याच्याकडून पुष्कळ घेतलंय."

तिनं फोन खाली ठेवला. झालं होतं. आता मागे घेता येणार नव्हतं, आणि घ्यायचंही नव्हतं.

"काय म्हणत होता?" दादानं विचारलं.

"उद्याच्या सभेत ज्येष्ठ लोक फुटतील, म्हणतो. तू बोलशील का, विचारत होता."

"मी प्रस्तावाच्या बाजूनं मत देणार आहे. सांगून ठेवतो."

"दे."

"तू म्हणतेस म्हणून माझं मत बदलणार नाही. तुझं बरोबर असेल. पण माझंही चूक नाही."

"नाहीच आहे चूक."

हे त्याला अपेक्षित नव्हतं. तो थोडा वेळ नखानं टेबलावरचा एक डाग खरवडत बसला.

"पण संप झाला तर मी विमान नेणार नाही," तो म्हणाला. "तेवढं कळव त्याला. आणि आमच्यातला कुणी न्यायला निघाला, तर फाटकाशी मी उभा असेन, हेही कळव. या पोराटोरांना बाजूला सारायला त्यांना जमेल. मला ओलांडून जायला नाही जमणार."

"बाबा..." चिमणी म्हणाली.

"तू गप्प बस. तुझं आणि माझं बाकी आहे. उद्या सकाळी तू स्वतः कंपनीच्या डॉक्टरकडे जाऊन सांगायचं, काय झालं ते. मी सांगायच्या आत. आणि आत्ता आत जा आणि माझ्या पलंगावर झोप."

"मी ठीक आहे, बाबा."

"कॅप्टन म्हणून सांगतोय."

चिमणी गेली. वहिनी ताटं घेऊन आत वळली आणि आतून भांड्यांचा मोठा आवाज यायला लागला. बहुतेक भाड्याच्या विषयाची तयारी चालू होती. अण्णांची मान खुर्चीत एका बाजूला कलली होती. त्यांची दुपारच्या झोपेची वेळ टळून गेली होती.

रविवारी अण्णांना खुर्चीतून उचलून पलंगावर ठेवायचं काम दादा आणि वहिनी करत. वहिनी हात पुसत बाहेर आली, तेव्हा दादानं तिला थांबवलं.

"तू राहू दे. हिला येऊ दे. मंगळवार-शुक्रवार करणार आहे ना? शिकू दे."

त्यांनी खुर्ची अण्णांच्या खोलीत ढकलत नेली. दादानं चाकांचे अटकाव लावले आणि तो अण्णांच्या डाव्या अंगाला उभा राहिला.

"तू उजवीकडे. त्या बाजूला त्यांचा काहीच जोर नाही, सगळं तुझ्यावर येईल. कमरेतून वाकू नकोस, पाय रुंद ठेव. एक हात काखेखालून पाठीमागे घाल, दुसऱ्यानं त्यांच्या कमरेचा पट्टा धर. असा नाही. खालून. आणि काहीही झालं तरी त्यांचा हात ओढायचा नाही, खांदा निखळतो."

"कळलं."

"अण्णा, तयार?"

"तयार."

"एक, दोन, उचल."

धाकटीला वाटलं होतं, म्हातारं माणूस हलकं असेल. अण्णांचं सगळं शरीर एकदम तिच्या अंगावर आलं आणि तिचा श्वासच अडला. पाठीतून कळ गेली, काळा बूट फरशीवर सरकला. अण्णांचं तोंड तिच्या कानाशी होतं. चार वर्षं दर रविवारी दादानं हे केलं होतं, आणि ती येऊन, जेवून, अण्णांच्या कपाळावरून हात फिरवून निघून जात होती.

"जड... झालोय का रे?" अण्णांनी विचारलं.

"सगळंच वाढलंय अण्णा," दादा धापा टाकत म्हणाला. "माझ्या बहिणीच्या कृपेनं पगार तेवढा सोडून."

अण्णा हसायला लागले. हसताना त्यांचं अंग आणखीच सैल पडलं आणि उरलंसुरलं वजनही तिच्यावर आलं.

"हसवू नकोस त्यांना, पडतील!"

"पडत नाहीत. तू धर."

धाकटीनं दात आवळले, पाय आणखी रोवले, आणि धरलं.